मंत्र्यांच्या तोंडावरचा अंगठा

चित्रं माझी, विज्ञान धाकटीचं. लहानपणी आईनेच तशी वाटणी करून दिली होती. मग कॉलेजात जंतू शिकवणाऱ्या माझ्या बहिणीने गॅलरीची मधली भिंत मागायचं कारणच काय? प्रदर्शन मंत्र्यांच्या विरोधात. ‘नळाचं पाणी आरशासारखं स्वच्छ आहे’ म्हणणारे तेच मंत्री. मी महिनाभर खपून त्यांना तेलरंगात उतरवलं होतं. धाकटीने काय केलं? नळाच्या पाण्यातले जंतू वाढवले आणि त्या जंतूंनीच मंत्र्यांचा चेहरा काढायला घेतला. गॅलरीवाल्या बाई तर ऐकूनच वेड्या झाल्या. म्हणाल्या, “चेहरा नीट उगवला तर मधली भिंत हिची, नाहीतर तुमची.”

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी आईचं दुसरं कौतुक, “बघ की, जंतूंकडूनसुद्धा काम करून घेते!” मी इतकी वर्षं माणसांची चित्रं काढतेय, त्याचं काही नाही.

दुपारी डबा द्यायला मी तिच्या प्रयोगशाळेत गेले. ताटाएवढी काचेची बशी, तिच्यात जेलीचा थर, खाली मंत्र्यांचा फोटो. धाकटी बारीक ब्रश जंतूंच्या गढूळ पाण्यात बुडवून फोटोवरून गिरवत होती. संपल्यावर तिने फोटो काढून घेतला आणि बशीवर झाकण ठेवलं.

“झालं! कसं वाटतंय, ताई?”

“काय बघू? कोरी तर आहे.”

“आत्ता नाहीच दिसणार. उबेच्या कपाटात ठेवली की जंतू वाढतील, रंग धरतील, मग दिसेल. तोवर झाकण काढायचं नाही हं, बोट लागलं तर बोटावरचे जंतूही उगवतात.”

एवढं सांगून धाकट्या बाईसाहेब हात धुवायला गेल्या. जळणाऱ्याच्या हाती काडी देऊन! मी झाकण उचललं, जेलीवर अंगठा दाबला, झाकण परत ठेवलं. कुठे दाबला, देव जाणे. जेली जशी कोरी होती तशीच कोरी. मी साळसूदपणे डबा उघडून बसले.

उद्घाटनाला पाहते तर मधल्या भिंतीवर बशी! माझं तेलचित्र जिन्याच्या वळणावर, पायपुसण्याशेजारी. बशीत मंत्र्यांचा चेहरा लालपिवळा फुलला होता, हुबेहूब. आणि ओठांवर आडवा, पांढराफेक, जाडजूड अंगठा.

“काय कल्पना आहे!” गॅलरीवाल्या बाई सगळ्यांना सांगत होत्या. “नागरिकाचा अंगठा! खोटं बोलणाऱ्याचं तोंड बंद केलंय!” फोटो निघत होते. आईने डोळ्यांना पदर लावला. “काय डोकं आहे हो माझ्या पोरीला!”

आणि धाकटी? गालातल्या गालात हसत उभी. म्हणजे अंगठा माझा आणि मान हिचा! मी तोंडात मिठाची गुळणी धरायला हवी होती, कळतं मला. पण पोटातली आग कधी शहाणपण शिकली आहे?

“अंगठा माझा आहे!” मी ओरडले.

सगळे वळून पाहू लागले. आई म्हणाली, “अगं, काय बोलतेस?”

मी अंगठा वर धरला. कॅनव्हास कापताना कटरने त्याचं टोक तिरकं उडवलेलं आहे. बशीतल्या अंगठ्याचंही टोक तसंच तिरकं. “चित्र नासवायला दाबला होता मी! हिची कसली कल्पना?” स्वतःच्याच तोंडाने सांगून बसले.

धाकटी जराही दचकली नाही. “माहीत आहे, ताई. कपाट उघडल्याबरोबर ओळखला. तू गप्प किती वेळ राहतेस, तेवढंच बघत होते.”

“मग फेकून का नाही दिलंस? दुसरं काढायचं होतंस!”

“काढलंही. अगदी स्वच्छ उगवलं.” ती बशीकडे वळली. “पण नुसता चेहराच होता गं तो. फोटो गिरवलेला. हे पाहिलं आणि वाटलं, आता चित्र झालं. पाटी वाचलीस का तरी?”

वाचायला जवळ गेलेच कुठे होते मी, दुरूनच जळत होते. आता गेले. पाटीवर दोघींची नावं होती, माझं आधी.

माझ्या कुठल्याच चित्राला ती आजवर ‘चित्र झालं’ म्हणाली नव्हती. आणि म्हणाली ती कशाला, तर तिच्याच चित्राचं वाटोळं करायला दाबलेल्या अंगठ्याला. मला रडू फुटलं. आईला वाटलं, पश्चात्ताप झाला. कसला पश्चात्ताप! ते तिरकं टोक त्या चेहऱ्यावर किती शोभत होतं, आणि ते आधी दिसलं तेही हिलाच.