सातव्या कपात काय आहे

डोंगरावरच्या त्या गावात रस्ता एकच होता आणि त्या एका रस्त्यावर खायच्या सहा जागा. नवऱ्याने घरूनच बेत आखून आणला होता. पाच दिवसांची सुट्टी, रोज एक नवी जागा, शेवटच्या दिवशी दोन. “आई, यंदा नुसतं खायला जायचं,” असं त्याने आपल्या आईला सांगितलं होतं. “डोंगर काय, खिडकीतूनही दिसतात.”

हे अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं फक्त त्याला आणि त्याच्या बायकोला माहीत होतं.

पाच आठवड्यांपूर्वी तिला ताप आला होता. तीन दिवसांनी तो गेला, आणि जाताना वास घेऊन गेला. सर्दी नाही, पडसं नाही, नाक आपलं जागच्या जागी. पण कसलाही वास म्हणून येईना. जीभ बिचारी खारट, गोड, आंबट, कडू एवढं इमानाने सांगायची. त्यापलीकडे सगळा ओला कापूस. सफरचंद खा नाहीतर आलुबुखार खा, दोन्ही नुसतं गोड.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर तो माणूस चार दिवस कुरकुर करून कामाला लागला असता. पण हिचं कामच ते होतं. मुरंब्यांच्या कारखान्यात ती चव तपासायला होती. दर तीन महिन्यांनी त्या खात्यातल्या सगळ्यांची परीक्षा व्हायची. डोळ्यांवर पट्टी, समोर झाकलेले सात पांढरे कप. वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा, थुंकायचा, आणि कशात काय आहे ते सांगायचं. मधेमधे कोमट पाणी आणि बिनमिठाचा पाव. पुढची परीक्षा आली होती सोमवारवर, आणि कारखान्यात तिने अजून चकार शब्द काढला नव्हता.

“येईल हो परत,” डॉक्टर म्हणाले होते. “रोज नवनवे वास घेत राहा.” कधी येईल, ते मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं.

सासूबाईंना सांगायचं नाही हेही ठरलं होतं. त्या चाळीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होत्या. त्यांना एक गोष्ट सांगितली की संध्याकाळपर्यंत चार मावश्या आणि दोन आत्यांचे फोन, आणि प्रत्येकीचा काढा वेगळा. शिवाय आणखी एक कारण होतं, ते तिने नवऱ्यालाही नीट सांगितलं नव्हतं. पाच आठवडे ती सासूबाईंच्या हातची भाजी खाऊन “छान झालीय” म्हणत होती. आता कुठल्या तोंडाने सांगणार?

पहिल्या दिवशी ते सूपवाल्याकडे गेले. खोल पांढरी भांडी, लाकडी बाकं, आणि भिंतीला टेकून उभा असलेला एवढा मोठा मालक की त्याच्यामुळे अर्धं स्वयंपाकघर झाकलं जात होतं. तिने वाटी उचलून नाकाशी धरली. वाफ लागली. गरम लागली. बस्स. मग तिने चार वर्षांच्या लेकीकडे वाटी सरकवली. लेक एका जागी म्हणून ठरत नसे, त्यामुळे घरात तिला भिंगरीच म्हणत.

“भिंगरी, खेळ खेळू या? याला कसला वास येतो ते सांग.”

भिंगरीने नाक पार वाटीत घातलं. “आजोबांच्या कपाटाचा.”

“आणि या चीजला?”

“बाबांच्या ओल्या मोज्यांचा.”

“हळू बोल गं,” नवरा म्हणाला. “मालक ऐकतोय.”

मालक खरंच ऐकत होता. “बरोबर सांगतेय पोरगी,” तो तिथूनच म्हणाला. “चांगलं मुरलेलं आहे ते.”

सगळे हसले. तीही हसली, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं तेव्हा सुपाच्या वाफेवर ढकलून मोकळी झाली. मग बशीतल्या लोणच्याच्या काकड्या एकेक करून संपवल्या. आंबट तर कळत होतं ना! कळतंय ते तरी सोडायचं कशाला?

सासूबाईंनी ते पाहिलं. आंबट पाहिलं, डोळ्यांतलं पाणी पाहिलं, प्रत्येक वस्तू तोंडात घालण्याआधी हुंगणं पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी तळलेल्या माशाची बशी “नको, तुम्हीच घ्या” म्हणून बाजूला सारलेली पाहिली. बोलल्या काही नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांचं वागणंच बदललं. उशी असलेली खुर्ची सुनेला. भिंगरी आजीच्या कडेवर. पायऱ्या आल्या की आजीचा हात पाठीशी हजर.

“तुझ्या आईला काय झालंय?” तिने नवऱ्याला विचारलं. “मघाशी माझ्या बुटांचे बंद बांधले त्यांनी.”

“डोंगराची हवा लागली असेल,” नवरा म्हणाला. त्याच्या डोक्यात दुसऱ्या दिवशीची खानावळ होती.

चौथ्या जागी सगळं बाहेर आलं. तिथे भाजलेले बटाटे मिळायचे, डोंगरासारखे रचून. वाढायला आलेल्या बाईच्या हाताला धरून सासूबाई प्रेमाने म्हणाल्या, “हिला जरा जास्त वाढा हं. दोघांचं खायचंय तिला.”

ती बाई हसून अभिनंदन करून गेली. नवऱ्याच्या हातातला बटाटा हातातच राहिला.

“आई!” ती म्हणाली. “अहो, तसं काही नाही.”

“लाजतेस काय? चाळीस वर्षं बाळंतपणं केलीत मी. चालीवरून ओळखते.”

“आई, खरंच नाही.”

“मग काकड्यांच्या बरण्या कोण फस्त करतंय? भिंगरी?”

“मी नाही,” भिंगरी म्हणाली.

सासूबाईंचा चेहरा इतका उजळलेला होता की तो विझवायचा कसा, हेच तिला कळेना. पण आता एका खोट्यावर दुसरं खोटं चढवलं असतं तर सात महिन्यांनी काय दाखवणार होती? तिने काटा खाली ठेवला.

“मला वास येत नाही, आई. कशाचाच. ताप आला होता तेव्हापासून. आंबट-खारट तेवढं लागतं, म्हणून खाते. सोमवारी परीक्षा आहे आणि मला साधा आलुबुखार ओळखता येत नाही.”

सासूबाईंनी बटाट्यांची बशी बाजूला सारली. आता फोन, आता मावश्या, आता काढा, असं म्हणत तिने मान खाली घातली. पण त्यांनी विचारलं ते वेगळंच.

“पाच आठवडे?”

“हो.”

“म्हणजे मी वांगी केली होती, दोनदा. तू दोनदा घेतलीस. ‘छान’ म्हणालीस.”

“हो, आई.”

“हं,” एवढंच म्हणून सासूबाईंनी भिंगरीचा बटाटा कुस्करायला घेतला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवशी बुटांचे बंद तिचे तिनेच बांधले. पायऱ्यांवर मात्र हात पाठीशी होता. सवयीने असेल.

शेवटच्या दिवशी सकाळी ते पाचव्या जागी गेले. रस्त्याच्या टोकाला, न्याहारीचं घर. चार टेबलं, खिडकीत वाळत घातलेली फडकी, आणि आत बंद दाराआड स्वयंपाकघर. मालकीण किडकिडीत, बोलकी. सासूबाईंचे गुडघे आणि तिचे गुडघे एकाच वयाचे निघाले, तेव्हा ती खुर्ची ओढून त्यांच्यापाशीच बसली.

सुनेने पावाला लोणी लावलं. सुरी अर्ध्यावर थांबली.

काहीतरी होतं. वास म्हणावा इतकं नव्हतं. नाकाच्या वरच्या टोकाला कुणी हळूच नख लावावं तसं. तिने श्वास धरला. गेलं. पुन्हा आलं. लोकरीसारखं, गोडसर, जरासं कडवट.

“भिंगरी,” ती कुजबुजली, “कसला वास येतोय?”

भिंगरीने इकडे तिकडे हुंगलं. “कसलाच नाही.”

तिची आशा मावळली. मनाचेच खेळ. गेल्या आठवड्यातही एकदा तिला साबणाचा वास आल्यासारखा वाटला होता, आणि नंतर कळलं की साबण संपलेला होता. पण पुन्हा ते नख लागलं, या वेळी नीट, आणि तिला त्याचं नाव आठवलं. ती ताडकन उभी राहिली.

“ताई, दूध लागतंय तुमचं!”

“छे हो,” मालकीण हलली नाही. “अगदी मंद ठेवलंय. गुडघ्यांचं म्हणत होते मी, की थंडीत...”

“तळाला लागलंय. आत्ताच. बघा तरी!”

मालकीण कुरकुरत उठली, दार उघडून आत गेली, आणि आतून आवाज आला, “अगं बाई गं!” उघड्या दारातून आता तो वास धो धो बाहेर आला. नवऱ्याने नाकाला रुमाल लावला. भिंगरी ओरडली, “आई, छी!”

“हो गं, छी!” ती हसायला लागली. “केवढं मोठं छी!” आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन तिने त्या पातेल्यावर तोंड धरलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाकातूनही वाहत होतं, आणि ती मोठमोठ्याने श्वास घेत होती.

“माझं एवढं दूध वाया गेलं आणि या हसतायत!” मालकीण कमरेवर हात ठेवून म्हणाली.

“रागावू नका हो,” दारातून सासूबाईंचा आवाज आला. “पाच आठवड्यांनी मनापासून हसतेय ती.” आणि मग, जरा थांबून, “ते पातेलं टाकू नका इतक्यात. आणि मला सात कप द्याल का, उसने? झाकायला बशा पण.”

दुपारी खोलीतल्या टेबलावर सात कप मांडले गेले. सासूबाईंनी बाह्या वर केल्या होत्या, हात कोपरापर्यंत धुतले होते. वॉर्डात असायच्या तशाच. सुनेच्या डोळ्यांवर त्यांनी आपला रुमाल घट्ट बांधला. “तू बोलायचं नाही,” त्यांनी मुलाला बजावलं. “खोकायचंसुद्धा नाही. भिंगरी, तू कप सरकवायचा.”

पहिली कॉफी. ती तर बशी उचलताच कळली. दुसरा मध. तिसरा पुदिना. चौथ्याला ती हसली. “लागलेलं दूध. आई, हे काय!”

“ओळखीचं माणूस म्हणून बोलावलंय. पुढे.”

पाचवा आणि सहावा अवघड गेले. दोन्ही गोड, दोन्ही मुरंबा पाण्यात कालवलेला. तिने पाव चावला, कोमट पाण्याने चूळ भरली, पुन्हा हुंगलं. पुन्हा. एकाच्या मागे अगदी पुसटशी साल होती, किंचित तुरट. “हा आलुबुखार,” ती हळूच म्हणाली. “आणि हा... हा सफरचंद.” नवऱ्याने दाबून धरलेला श्वास सोडलेला तिला ऐकू आला.

सातवा कप.

तिने वास घेतला. काही नाही. कप फिरवला, पुन्हा घेतला. घोट तोंडात घोळवला. जिभेवर काही नाही, नाकात काही नाही. तोच ओला कापूस. आलेलं परत गेलं का? इतक्यात? खोलीत सगळे गप्प होते. त्या गप्प बसण्यात किती आशा होती, ते पट्टीआडूनही तिला दिसत होतं. व्हॅनिला म्हणावं. फार पातळ केलेला कसला तरी अर्क म्हणावं. कोण पकडणार होतं? पाच आठवडे सहज जमलं होतं.

“आई,” ती म्हणाली, “मला यात कसलाच वास येत नाही. काहीच नाही.”

“पिऊन टाक सगळं,” सासूबाई म्हणाल्या.

ती प्यायली. मग तिने पट्टी ओढून काढली. “पाणी आहे हे!”

“मग? पाण्याला कसला वास येणार, वेडे?” सासूबाई बशा गोळा करत होत्या. वर बघत नव्हत्या, पण त्यांचा चेहरा सैल झाला होता. “सहा कप तुझ्या कारखान्यासाठी होते. हा माझ्यासाठी. येत नाही ते येत नाही म्हणतेस की नाही, तेवढं बघायचं होतं.”

तिने उठून त्यांना मागून मिठी मारली. बशा खणखणल्या.

“सोमवारी एखादा नाहीच कळला, तर?” सासूबाईंनी विचारलं.

“तर सांगेन, नाही कळला. आणि का, तेही सांगेन.” म्हणताना तिला जाणवलं की पाच आठवडे छातीवर बसलेलं ओझं नाकाचं नव्हतंच, ते या एका वाक्याचं होतं.

“आणि माझी वांगी? आता खरं सांगायचं.”

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान हलवून ‘नको, नको’ केलं.

“आई, त्यांत मीठ कमी असतं. तापाच्या आधीपासूनच. मीठ तर मला पाचही आठवडे कळत होतं.”

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. “आणि तू? लहानपणापासून खातोयस!”

“मला बोलायचं नाही म्हणून सांगितलंय,” तो म्हणाला.

सासूबाई आधी फुरंगटल्या, मग खुर्चीत बसून इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. संध्याकाळी सहावी जागा राहिली होती, आणि भूक तर सगळ्यांनाच कडकडून लागली होती. भिंगरी दमली होती म्हणून तिने लेकीला उचललं. केस गालाला लागले. ती तिथेच उंबऱ्यात थांबली. लोकर, मुरंबा, उन्हात तापलेलं डोकं, आणि सगळ्यांखाली तो एक वास, ज्याला कुठल्याही कपावर नाव नसतं.

“चल ना, आई,” भिंगरी म्हणाली.

“चालले गं,” ती म्हणाली, आणि आणखी एक श्वास घेतला.