गाळलेली पावलं

गॅसच्या पाइपलाइनशेजारी जमिनीत एक काचेची तार पुरलेली होती. गळती लागली की वायू फुसफुसतो, कोणी खणू लागलं की माती हादरते. तार ते टिपते आणि नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर त्याच्या रेघा उमटतात. त्या रेघांसमोर ताई दिवसभर एकट्या बसत.

पाइपलाइनवरून रोज पायी फिरणाऱ्या गस्तवाल्याची पावलंही तारेला कळत. त्याने आणि ताईंनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. बोलणं फोनवर.

"ताई, कसा दिसतोय आज?"

"लंगडताय. नवे बूट घेतलेत?"

"बूट जुनेच. पाय बदलून मिळत नाहीत ना."

नवरा गेल्यापासून ताईंशी कामाव्यतिरिक्त बोलणारा तो एकटाच होता. गस्तवाल्याच्याही घरी कोणी नव्हतं.

पण त्याच्या पावलांनीही धोक्याचे इशारे वाजत. एकदा त्या गोंगाटात खरी गळती नजरेतून निसटता निसटता राहिली. साहेब म्हणाले, "त्याची पावलं गाळायला यंत्राला शिकवा. तुमच्याइतकी ती कोण ओळखतं?"

साहेबांचं बरोबर होतं. ताईंनी त्याची चाल वेगळी काढून यंत्राला पुन्हा पुन्हा दाखवली. यंत्र शिकलं. पडद्यावरून त्याची रेघ गेली.

गस्तवाल्याला त्यांनी काही सांगितलं नाही. फोन आला की अंदाजाने ठोकून द्यायच्या.

एक दिवस त्याचा आवाज बसलेला होता. "दिसतोय ना, ताई?"

"दिसताय की. ओढा ओलांडलात. आज अगदी रमतगमत चाललंय."

"मी घरी आहे, ताई. परवापासून तापाने पडलोय."

ताईंनी खुर्ची फोनजवळ ओढली.

"ऑफिसात कळवलं होतं. तुम्हाला मुद्दामच नाही. म्हटलं, रेघ दिसली नाही तर तुम्ही फोन कराल."

साहेबांचं नाव ओठांवर आलं होतं, ते ताईंनी गिळलं. "तुमची पावलं मीच गाळली. गळती नीट कळावी म्हणून."

"मग बरोबरच केलंत. खोटं कशाला बोलायचं?"

"तुम्ही फोन करायचं थांबवलं असतंत."

तो बराच वेळ खोकत राहिला.

"पत्ता सांगा," ताई म्हणाल्या. "ड्यूटी संपली की येते."

"अहो, कशाला उगाच..."

"सांगा म्हणते ना."

तो सांगू लागला, मध्येच चुकला, पुन्हा कोपऱ्यापासून सुरुवात केली. घरी कसं यायचं, हे त्याला बऱ्याच वर्षांत कोणी विचारलं नसावं.