शिल्लक एक बाटली

"मी कुठं चुकले, तेवढं दाखव," म्हणत नेलिदाबाईंनी टॅबलेट विल्डरच्या टेबलावर ठेवला. सोबत धुरावलेल्या माशांचं पुडकं. होडीत बसून बसून त्यांची कंबर धरली होती. नदीकाठच्या सान रोमुआल्दो गावच्या आरोग्यकेंद्रात त्या एकट्याच परिचारिका.

विल्डर तापुयिमाने या केंद्रांसाठी अ‍ॅप बांधलं होतं. नदीच्या वरच्या अंगाला नेटवर्क नाही. नोंदी टॅबलेटमध्येच साठायच्या आणि बाई पाण्याच्या टाकीवर चढून हात उंच धरायच्या, तेव्हा कुठे त्या नाउता शहरातल्या आरोग्य कचेरीतल्या नोंदींशी जुळायच्या. दोन्हीकडे वेगळं निघालं, तर ज्यावर नंतरची वेळ तेच खरं. या नियमाचा विल्डरला कोण अभिमान!

सापाच्या विषावरच्या औषधाची शेवटची बाटली बाईंनी वापरली, 'शिल्लक शून्य' लिहिलं आणि टाकीवर चढून पाठवलं. तरी औषधांची होडी नवी बाटली न देताच पुढे गेली. कचेरीत शिल्लक एक दिसत होती. मग युकाच्या कंदांच्या मळ्यात गावातल्या लेओन्सियोला हेर्गोन हा जहरी साप चावला. तो बाईंच्या मांडीवरच गेला.

विल्डरने टॅबलेट उघडला. कोपऱ्यातली तारीख कित्येक वर्षांपूर्वीची होती.

"बाई, ही तारीख अशी कशी?"

"गावचं जनरेटर बसलं की हा मरतो. उठला की असंच बरळतो. आमच्याकडं वार कोण बघतंय? रविवार असला तर पाद्री सांगतो, तोही आला तर."

शहरातल्या फोनांचं घड्याळ आपोआप लागतं, या टॅबलेटचं हाताने लावावं लागतं. ते मागे जाईल हे विल्डरच्या डोक्यातच आलं नव्हतं. बाईंची नवी नोंद जुनी ठरली होती आणि जुनी 'एक बाटली' तिच्यावर चढून बसली होती.

"तुम्ही नाही चुकलात. मी चुकलो," तो म्हणाला आणि जमेल तसं समजावून सांगितलं.

"मग मी लिहिलं होतं ते काढून दे. गाव म्हणतं, बाई विसरली. लेओन्सियोची बायको माझं तोंड बघत नाही. तिच्या पोरीला बाप्तिस्म्याला मी हातावर घेतलंय. आणि कचेरी मला काढायला बसलीय."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर तर इथे खुर्चीत बसला होता. त्याने सगळं धुंडाळलं. काहीच नव्हतं. हरलेली नोंद ठेवायची नाही, असं त्यानेच लिहिलं होतं. तेवढीच जागा वाचते म्हणून. त्याला स्वतःची शरम वाटली.

"मी येतो गावात. सगळ्यांना सांगतो."

"तुझं कोण ऐकणार, पोरा? म्हणतील, बाईनं मासे चारून इंजिनिअर फितवला."

पुडकं टेबलावरच होतं. दोघांनीही तिकडे पाहायचं टाळलं.

"निदान ती बाटली तरी पूस," बाई म्हणाल्या.

त्याने आधी घड्याळ लावलं, मग शून्य लिहून पाठवलं. चक्र फिरलं, हिरवी खूण उमटली.

"पोचलं?"

"पोचलं."

बाई त्या खुणेकडे बघत राहिल्या.

"तेव्हाही हिरवीच आली होती," त्या म्हणाल्या, आणि टॅबलेट फडक्यात बांधू लागल्या.