फुगलेला हातमोजा

इंजिनावरचं तेलाचं झाकण काढून त्या तोंडावर तिने रबरी हातमोजा ताणून बसवला आणि गाडीत बसलेल्या नर्सबाईंना म्हणाली,

“करा चालू.”

इंजिन धडधडलं. हातमोजा जरासा आत ओढला जायला हवा होता. तो फुगत गेला आणि पाची बोटं ताठ करून उभा राहिला.

“बंद करा. लगेच.”

स्टुलावर बसलेल्या बाबांनी मान वर केली. गॅरेज त्यांचं. चाळीस वर्षं नुसता आवाज ऐकून इंजिनाचं दुखणं सांगणारा माणूस. लेकीचं हातमोज्याचं खूळ त्यांना पोरखेळ वाटायचं. आज मात्र ते हातमोज्याकडेच बघत होते.

“तेलाची वाफ आत कोंडलीय,” ती म्हणाली. “दाब वाढला की इंजिनात हवा भरणाऱ्या टर्बोतून तेल गळतं आणि जळतं. मागून निळा धूर येतो तो त्याचाच.”

“काल घाटात धुराने मागचं काही दिसेना,” नर्सबाई म्हणाल्या. “गाडीत अवघडलेली बाई होती. गाडी बंद पडली असती तर?”

तिने वाफ बाहेर काढणारी नळी सोडवली. नळीच्या तोंडात बोल्ट बसवलेला होता. वरून तांब्याची तार, तीन वेढे, टोक आत दुमडलेलं, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून.

 लहानपणी शाळेतून आल्यावर रोज बाबांच्या शेजारी बॅटरी धरून उभी राहायची ती. हे वेढे तिला अंधारातही ओळखू आले असते.

“गेल्या महिन्यात गाडी इथेच होती,” नर्सबाई म्हणाल्या. “कुणी केलं हे? त्याचा हात पुन्हा माझ्या गाडीला लागता कामा नये.”

“मी केलं.”

बाबांच्या नावाला बट्टा लागण्यापेक्षा हे परवडलं, असं तिला वाटलं. मागे स्टूल करकरलं.

“खोटं बोलतेय ती,” बाबा म्हणाले. “नळीतून तेल झिरपत होतं, म्हणून बोल्ट मी मारला. जुन्या इंजिनात वाफेला खालून दुसरी वाट असायची. ह्यात आहे का, ते बघितलंच नाही मी. ही चूक करायला माझ्याएवढी वर्षं घालवावी लागतात.”

नर्सबाईंनी एकदा दोघांकडे पाहिलं. मग किल्ली लेकीच्या हातात ठेवली.

तिने बोल्ट काढला, नळी जागेवर अडकवली, इंजिन चालू केलं. हातमोजा अलगद आत ओढला गेला. बाबा वाकून बघत राहिले.

इंजिन बंद करून ती नळीची पट्टी आवळायला लागली. स्क्रू खूप आत होता, दिसत नव्हता. तेवढ्यात वरून उजेड पडला. बाबांनी बॅटरी धरली होती.

“थोडं डावीकडे, बाबा.”

ते सरकले. स्क्रू गंजलेला होता, वेळ लागत होता. उजेड थरथरायला लागला.

“हात भरून आला असेल. बदला.”

“तुझा यायचा?”

“रोज.”

बाबांनी हात बदलला नाही.