ट्रकची मधली जागा

पिकअप विकायचा हट्ट जनेलचाच होता, लेटी झाल्यापासूनचा. बाळाची खुर्ची मागच्या सीटवर बसवायची असते, आणि रॉइसच्या एकोणऐंशीच्या फोर्डला मागची सीटच नव्हती. पुढचा एक लांबलचक बाक, बस. जनेल फोनवर अपघातांच्या बातम्या वाचायची आणि नाश्त्याला नवऱ्याला ऐकवायची.

"चार दारांचा घेऊ नवा."

"त्यात इंजिन कुठलं? सहा सिलिंडर, तीन इकडे तीन तिकडे, वर दोन टर्बो!" रॉइस नाक मुरडायचा आणि मग त्याची पोथी सुरू व्हायची. आजोबांचा अठ्ठेचाळीसचा, फोर्डच्या या मालिकेतला पहिलावहिला. त्याच्या आठ सिलिंडरांचा आवाज दोन शेतं ओलांडून यायचा आणि आजी कॉफी चढवायची. पासष्टात 'तीनशे' नावाचं इंजिन आलं: सहा सिलिंडर एका रांगेत, चर्चमधल्या बाकावर बसल्यासारखे. वडिलांनी हा ट्रक त्याच इंजिनाचा घेतला. आठवाले शर्यत जिंकायचे, सहावाले पेरणीला पोचायचे. शहाण्णवात कंपनीने ते इंजिन बंद केलं, त्या दिवशी वडील जेवले नव्हते म्हणे.

शेवटी तो कबूल झाला. जाहिरात टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ट्वायला आली.

"शाळेत होती माझ्याबरोबर," रॉइस म्हणाला. जरा जास्तच सहज म्हणाला.

बाई उंच, उन्हाने रापलेली, नखांत ग्रीस. जनेलच्या टी-शर्टवर मात्र लेटीचं सकाळचं गाजर. ट्वायलाने ट्रकचा रंग पाहिला नाही, गंज पाहिला नाही. सरळ बॉनेटची डावी बाजू दाबली आणि ते उचललं. ते तसंच उघडतं, हे जनेलला कळायला लग्नानंतर वर्ष गेलं होतं.

"वाल्व जरा टकटकतायत," ट्वायला कान लावून म्हणाली. "पण नाडी पक्की आहे. माझ्या बापाच्या ट्रकची बॉडी ठणठणीत, इंजिनाने मान टाकली. हेच घालते त्यात."

रॉइसचा चेहरा जसा फुलला, तसा लेटीच्या पहिल्या दातालाही फुलला नव्हता.

"चक्कर मारून येऊ?" तो म्हणाला.

"मीही येते," जनेल म्हणाली.

पोर्चवर लेटीला घेऊन बसलेल्या सासूबाई, व्हर्ना, म्हणाल्या, "अगं, जाऊ दे की त्यांना. पळून नाही जात कुठे."

"आलेच मी." आणि ट्वायलाच्या आधी चढून जनेल मधे बसली. नवऱ्याला चिकटून.

धान्याच्या कोठाराला वळसा घालून ट्रक खडीच्या रस्त्याला लागला. रॉइसचा हात गिअरकडे गेला. ट्वायला खिडकीबाहेर गहू बघत होती. तशीच, मान न वळवता म्हणाली, "गुडघा घे गं बाजूला, चौथा पडतोय."

मग दांडा मागे आला.

जनेलच्या डाव्या गुडघ्यावर एक निळसर डाग होता. याच दांड्याचा, लग्नाआधी रॉइसबरोबर फिरायच्या दिवसांपासूनचा. तो डाग आपला एकटीचा, असं तिला इतके दिवस वाटत होतं. रॉइसचे कान लाल झाले.

अंगणात परतल्यावर ट्वायला म्हणाली, "मी नेते."

नाही म्हणून टाकावं, असं जनेलच्या अगदी ओठांवर आलं. पोर्चवर लेटी आजीची बोटं चावत होती. जनेल ट्वायलाकडे वळली.

"इंजिन ने, चाकं ने, सगळं ने. सीट मिळणार नाही."

"अगं, सीटशिवाय ट्रक?" रॉइस म्हणाला.

ट्वायलाने जनेलकडे पाहिलं, मग तिच्या गुडघ्याकडे, आणि खळखळून हसली. "ठेव बाई. मी ट्रेलर आणलाय, त्यावर चढवून नेईन." ती पाना शोधू लागली. "रॉइस, मागचा डावा बोल्ट अडेल हं."

"तेही ठाऊक आहे वाटतं?" जनेल फणकारली.

"सगळ्यांचाच अडतो गं," ट्वायला म्हणाली. जनेलला ते पटलं नाही.

संध्याकाळी सीट पोर्चवर होती. रॉइस सवयीने डाव्या कडेला बसला. उजवीकडे ऐसपैस जागा, तरी जनेल लेटीला मांडीवर घेऊन मधेच बसली. सासूबाई कॉफीचा मग घेऊन आल्या.

"सरक की जरा त्याच्याकडून, मला लेकाजवळ बसू दे."

"नाही," जनेल म्हणाली. "तुम्ही खिडकीपाशी बसा."