शेवटचा भाग कुणाकडे?

गुरुवारी दुपारी दुकानात मशीन खडखडत होतं, इस्त्री तापली होती आणि भिंगरी शर्टाला बटणं लावता लावता मांडीवरची वही वाचत होती. भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून शिंप्याच्या या पंधरा वर्षांच्या लेकीला सगळी गल्लीच भिंगरी म्हणे. पण मागच्या वर्षापर्यंत इंग्रजीच्या तासाला हीच भिंगरी भिंतीवरची पाल होऊन जायची. हलायचं नाही, बोलायचं नाही, बाईंची नजर पडली की छातीत धडधड!

मग नव्या बाई आल्या आणि सगळं उलटंपालटं झालं.

त्यांनी धड्यांच्या जोडीला एक इंग्रजी कादंबरी आणली, मुलामुलींसाठीच लिहिलेली. गोष्ट एका पंधरा वर्षांच्या मुलीची. घरचे तिचं लग्न उरकायला निघालेले. पुस्तक एकच आणि वर्गात डोकी चाळीस. बाईंनी सरळ कात्री घेतली आणि पुस्तकाचे चौदा भाग केले. ते शिवायला भिंगरीने बाबांकडे आणले, तेव्हा बाबा हसले होते.

“चांगल्या पुस्तकाच्या चिंध्या करणारी मास्तरीण आयुष्यात पहिल्यांदा बघतोय!” असं म्हणत त्यांनी प्रत्येक भागाला जाड कागदाचं कव्हर घातलं आणि निळ्या दोऱ्याने पक्की टीप मारून दिली.

नियम असा, की आपल्या वाटणीचा भाग वाचायचा, वर्गाला सांगायचा आणि ‘तिच्या जागी मी असते तर’ हे समासात पेन्सिलीने लिहायचं. पुढचं कुणालाच ठाऊक नसायचं. त्यामुळे मधल्या सुट्टीत अशी काही भांडणं पेटत, की डबे तसेच राहत!

तेरावा भाग भिंगरीकडे होता. लग्नाचे कपडे शिवून तयार आहेत, मुलगी वडिलांच्या बंद दारापाशी उभी आहे, दार वाजवायला हात उचललाय... आणि भाग संपला. चौदावा होता चष्मिशकडे, म्हणजे भिंगरीच्याच बाकावरच्या मैत्रिणीकडे. आणि चष्मिश तीन आठवडे शाळेत आलेली नव्हती.

का, ते सगळ्यांना माहीत होतं. तिचं लग्न लावून दिलं होतं. बाई तिच्या घरी जाऊन आल्या, तर त्यांना दारातूनच परत पाठवलं. हजेरीच्या वेळी बाई अजून तिचं नाव घेत आणि वर्ग खाली मान घाले.

“अगं, ते पुस्तक ठेव आता,” आत्या दुकानात शिरता शिरताच म्हणाली. “रविवारी पाहुणे येतायत. मुलाचं स्वतःचं गॅरेज आहे. असं स्थळ चालून येत नाही.”

सुई भिंगरीच्या बोटात घुसली. “आत्या, मी पंधराची आहे!”

“मी चौदाची होते. मेले का?”

भिंगरीने बाबांकडे पाहिलं. त्यांनी मशीनवरून मान वर केली नाही. “नुसतं बघून जातील,” ते हळूच म्हणाले. “आणि चार वाजता शाळेत चल. बेकरीवाल्यांनी अर्ज केलाय, ते पुस्तक बंद करा म्हणून. सगळे पालक सही करतायत.”

“तुम्ही पण?”

“चारचौघांत राहायचं असतं, बाळा.”

बेकरीवाले म्हणजे चष्मिशचे वडील.

शाळेच्या हॉलमध्ये पालक दाटीवाटीने बसले होते. टेबलावर अर्ज होता. बाई कोपऱ्यात उभ्या होत्या, ओठ घट्ट मिटून. अर्जात म्हटलं होतं, की पुस्तक थांबवावं आणि बाईंनाही शाळेतून काढावं.

“हे पुस्तक मुलींना घरातून पळायला शिकवतं!” बेकरीवाले गरजले. त्यांनी पिशवीतून एक वही काढून टेबलावर आपटली. निळा दोरा. चौदावा भाग! “हा पुरावा. माझ्या मुलीच्या उशीखाली सापडला.”

“तुम्ही वाचलंत?” मुख्याध्यापकांनी विचारलं.

“मला कुठलं इंग्रजी? कुणीतरी वाचा. होऊ दे सगळ्यांसमोर!”

बाई पुढे झाल्या, तसे ते ओरडले, “तुम्ही नको! तुम्ही गोड करून सांगाल.”

“मी वाचते,” भिंगरी म्हणाली. आवाज आपलाच आहे यावर तिचा विश्वास बसेना. बाबांनी तिची ओढणी ओढली. ती सोडवून घेऊन भिंगरी टेबलापाशी गेली.

कव्हरला पिठाचा वास येत होता. तिने एकेक ओळ वाचली आणि आपल्या भाषेत सांगितली. मुलगी दार वाजवते. वडील दार उघडतात. ‘आत ये,’ ते म्हणतात. ‘बस. सांग.’ संपलं पुस्तक.

“पळाली नाही?” मागून कुणीतरी विचारलं.

“कुणीच पळालं नाही.”

हॉलमध्ये चुळबुळ झाली. भिंगरी वही मिटणार, तोच तिला समासातलं बारीक अक्षर दिसलं. गोल गोल, उजवीकडे कललेलं. वर्षभर शेजारी बसून पाहिलेलं.

“इथे पेन्सिलीने लिहिलंय,” ती म्हणाली. “चष्मिशने. वाचू?”

मुख्याध्यापकांनी मान हलवली.

“‘तिच्या जागी मी असते, तर मीही दार वाजवलं असतं. म्हटलं असतं, पप्पा, मला भीती वाटते. मला अजून शिकायचंय. माझे पप्पा वाईट नाहीत. त्यांना कुणी सांगितलंच नाही. आज त्यांची मोठी ऑर्डर आहे, ते दमलेत. रविवारी सांगेन.’”



“त्या रविवारी तर घाईघाईने तिचं लग्न...” बेकरीवाले पुटपुटले आणि तिथेच थांबले. त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

भिंगरीने वही छातीशी घेतली आणि वळली. समोर बाबा होते. हातात पेन, टोपण काढलेलं. उद्यावर टाकून काय होतं ते तिच्या हातात होतं, निळ्या दोऱ्याने शिवलेलं.

“बाबा, मला भीती वाटते,” ती सगळ्यांसमोर म्हणाली. “रविवारी मी पाहुण्यांसमोर येणार नाही. आत्या रागावली तरी नाही. तुम्ही मारलंत तरी नाही. मी शाळेत येणार.”

“तोंड बघा पोरीचं!” कुणीतरी म्हणालं. “हेच शिकवतात इथे!”

बाबांचा चेहरा लाल झाला. ते उठले. भिंगरीने डोळे मिटून घेतले. पण गालावर काहीच आलं नाही. आला तो टोपण बसल्याचा टक् असा आवाज.

“चौदाही भाग मी शिवले,” बाबा म्हणाले. “आत काय आहे, एकदाही विचारलं नाही. माझी सही मिळणार नाही. आणि रविवारी पाहुणे येणार नाहीत. बहिणीला काय सांगायचं ते मी बघतो.”

आणखी दोघांनी पेनं खिशात घातली. बाकीच्यांनी घातली नाहीत. त्यांनी खाली मान घालून सह्या केल्या. बाईंचं पुढे काय होईल, ते त्या दिवशी कुणालाच सांगता आलं नसतं.

हॉल रिकामा होत आला, तरी बेकरीवाले तिथेच उभे होते. भिंगरी जवळून जाताना त्यांनी हाक मारली. मघाचा आवाज कुठे गेला कोण जाणे.

“पोरी, ते... शेवटचं. पेन्सिलीचं. पुन्हा एकदा वाचतेस?”

भिंगरीने वही उघडली. पण वाचण्याआधी तिने त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

“वाचते, काका. पण मग तिला आणायला कधी जायचं?”