तीन ठिपक्यांचं झाकण

“दिवे लागायच्या आत परत आणा हं. दूध उघडं राहील.”

मित्रांनो, हे शब्द मी ऐकले त्याला आता एक्केचाळीस वर्षं झाली. बोलणारी बाई दारात ओले हात पुसत उभी होती. “आणतो म्हणजे काय, आणतोच!” असं म्हणून जिना उतरणारा माणूस तिचा नवरा होता आणि त्याच्या काखेत मी होतो.

मी एक जुनं झाकण आहे. ॲल्युमिनियमचं, घुमटासारखं फुगीर, डोक्यावर गोल मूठ असलेलं. तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांनी मला नक्की पाहिलं असेल, पण झाकण म्हणून नाही. परग्रहावरून आलेलं, शहरंच्या शहरं भाजून काढणारं ते भलंमोठं यान त्यांना आठवत असेल. त्याला बघून धडधाकट माणसांनीही खुर्चीचे हात घट्ट धरले होते. ते यान म्हणजे मी. हसू नका. मलाही हे पटायला बरेच दिवस लागले.

माझा जन्म भांड्यांच्या कारखान्यात झाला. पत्र्याची एक गोल चकती साच्याखाली गेली, वरून दाब आला आणि मी झाकण होऊन बाहेर पडलो. माझ्या जोडीला एक मोठं पातेलं होतं. आम्ही दोघं ज्या घरात आलो तिथे नुकती नवी सून आली होती. पहिल्याच आठवड्यात तिनं खिळा आणि बत्ता घेऊन माझ्या आतल्या कडेला तीन ठिपके ठोकले. ठक, ठक, ठक.

“अगं, कोरं करकरीत झाकण! कशाला टोचतेस त्याला?” सासूबाई म्हणाल्या.

“शेजारीपाजारी देणंघेणं होतं ना, म्हणून. आपलं आपल्याला ओळखू यायला हवं,” ती हळूच म्हणाली.

त्या घरात मला एकच काम होतं. दुपारी तापवलेलं दूध संध्याकाळपर्यंत निवायचं आणि दिवे लागायच्या आत ती मला पातेल्यावर ठेवायची. ठेवलं की हात जोडून क्षणभर डोळे मिटायची. हा तिचा नेम. त्या क्षणात काय मागायची ते देव जाणे! अंगात ताप असो की घरात पाहुण्यांची गर्दी असो, नेम कधी चुकला नाही. निवत आलेल्या दुधाची उरलीसुरली वाफ माझ्या पोटाशी जमायची. होता होता सायीचं एक पिवळसर वलय माझ्या आत कायमचं बसलं. ते घासून घासून तिचे हात दुखायचे, पण ते काही जाईना. तिला त्याची फार लाज वाटायची.

तिचा नवरा सिनेमाच्या स्टुडिओत कामाला होता. पुठ्ठ्याची घरं, काड्यांचे पूल, बोटाएवढ्या मोटारी तो करायचा आणि पडद्यावर त्या खऱ्या वाटायच्या. त्याच्या बोटांना कायम डिंक लागलेला असे, म्हणून सगळे त्याला ‘डिंक्या’ म्हणत. त्या दिवशी परग्रहवासीयांच्या यानाचं चित्रीकरण होतं. त्यानं लाकूड आणि काच वापरून दोन महिने खपून केलेलं यान सकाळीच दोरी तुटून खाली पडलं. नुसता चुरा! दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसले. डिंक्या धावत घरी आला, स्वयंपाकघरात चहूकडे बघू लागला आणि त्याची नजर माझ्यावर थांबली.

“एक दिवस दे मला हे.”

“ताट न्या की. झाकणच कशाला?”

“ताट सपाट असतं गं. मला पोट सुटलेलं काहीतरी हवंय.”

“मग आरशात बघा,” ती म्हणाली आणि दोघंही हसले. हसता हसताच तिनं मला पुसून त्याच्या हातात दिलं आणि ते दिवे लागायच्या आतचं वाक्य म्हणाली.

स्टुडिओत सुतार ड्रिल घेऊन तयारच होता. “चार भोकं पाडू, स्क्रू मारू, काम फत्ते!”

“भोक पाडायचं नाही,” डिंक्या म्हणाला. “संध्याकाळी परत द्यायचंय.”

सुतारानं कपाळावर हात मारला, पण डिंक्या ऐकेना. बंद पडलेल्या घड्याळांची चाकं, शिवणयंत्राची रिकामी बॉबिन आणि टॉर्चचे दिवे एका कड्यावर चिकटवून ते कडं त्यानं चार चिमट्यांनी माझ्या कडेला बसवलं. माझ्या पाठीला काजळी आणि साबणाचं पाणी फासलं, एका धुण्यात निघेल असं. आतून रंग द्यायला वेळच उरला नाही. मग मासे पकडायचा बारीक दोरा, म्हणजे तंगूस, माझ्या मुठीला बांधून मला आढ्याला टांगलं. खाली पुठ्ठ्याचं शहर होतं, भोवती धूर होता. दिग्दर्शकांनी खालून कॅमेऱ्याला डोळा लावला आणि ते ओरडलेच, “हा धातू कुठून पैदा केलास? पृथ्वीवरचा वाटतच नाही!”

“साय आहे, साहेब,” डिंक्या म्हणाला. सगळे खो खो हसले. त्यांना वाटलं, गंमत करतोय.

एका दिवसाचं काम नऊ दिवस चाललं. मी पूल पाडले, इमारती जाळल्या, पुठ्ठ्याची माणसं उडवली. मित्रांनो, ज्यानं सगळा जन्म दूध झाकलं त्याला हे करताना काय वाटलं असेल! पण दिव्यांच्या उजेडात मी हळूच फिरलो की टाळ्या पडत आणि खरं सांगायचं तर मला ते आवडूही लागलं होतं. दहाव्या दिवशी सांगण्यात आलं की सिनेमाचा दुसरा भागही निघणार, यान सांभाळून ठेवा. मी गोदामात गेलो. दाराला कुलूप लागलं.

पुढचं सगळं मला डिंक्यानं सांगितलं. दर शनिवारी तो मऊ कुंचा घेऊन यायचा, माझ्यावरची धूळ झटकायचा आणि घरच्या गोष्टी बोलायचा. हा त्याचा नेम.

सिनेमा धो धो चालला. महिनोन्‌महिने तिकिटं मिळत नव्हती. डिंक्या बायकोला घेऊन गेला. मी पडद्यावर आलो तेव्हा ती केवढ्यानं तरी म्हणाली, “अहो, माझं झाकण!” अख्खी रांग हसली. तो खुर्चीत घसरून बसला आणि कुजबुजला, “कशावरून तुझं?” ती म्हणाली, “थांबा, ठिपके दिसू देत, मग सांगते.” पण धुरात ठिपके काही दिसले नाहीत. पुढे घरी टीव्ही आला, कॅसेट आली. ती पडद्याला नाक लावून बसायची. तिथे तर सगळं मुंग्या धावल्यासारखं. “यात माझे ठिपके कुठले दिसायला!” म्हणून ती उठून जायची.

दुधावर ती आता ताट ठेवत असे. पातेल्यावर ते नीट बसायचं नाही, जरा धक्का लागला की खडखडायचं. ते खडखडलं की डिंक्या खाली मान घालायचा. एकदा त्यानं नवं झाकण विकत आणलं. तिनं ते तसंच शेजारणीला देऊन टाकलं. “माझं यायचंय ना? मग दोन काय करायची?” त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्याला तेच जड जायचं.

तुम्ही विचाराल, त्यानं मला मागून का घेतलं नाही? मित्रांनो, तो तहान लागली तरी पाण्याचा ग्लास न मागणारा माणूस होता. मी तर स्टुडिओची शान झालो होतो. पाहुणे आले की त्यांना मला दाखवायला आणत. त्यांच्यासमोर कसं म्हणायचं की हे आमच्या दुधाचं झाकण आहे, जरा द्या? दुसरा भाग निघाला तोही संगणकावर, त्यात माझी गरजच पडली नाही. तरी तो म्हणायचा, “उद्या मागतो.” दर शनिवारी म्हणायचा.

मग एका शनिवारी तो कुंचा न घेताच आला. समोरच्या खोक्यावर बसला. नंतर म्हणाला, “काल दुधावर ताट मी ठेवलं.”

एवढंच. पण मला कळलं.

त्यानंतर तो निवृत्त झाला आणि शनिवार थांबले. सहा वर्षं माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. धूळ साचली, दिवे गंजले, घड्याळाच्या एका चाकाआड पालीनं अंडी घातली. जगाला घाबरवणाऱ्या यानाची ही दशा!

आज सकाळी अचानक कुलूप उघडलं. तो जुना सिनेमा नव्यानं स्वच्छ करून डिस्कवर काढायचा होता. रिळांचा रंग तांबूस पडला होता आणि माझा मूळ रंग बघायचा होता, म्हणून मला पुसून एका अंधाऱ्या खोलीत टेबलावर ठेवलं. तिथे चष्मा लावलेली एक मुलगी यंत्रापाशी बसली होती. सिनेमा स्वच्छ करायचं काम तिचंच. रंग खरा कोणता हे सांगायला तिनं डिंक्याला बोलावलं होतं. तो आला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. पोट गेलं होतं. पण नखांत अजून डिंक होता.

“काका, बसा. आता हा सिनेमा लोक घरी बघतील तेव्हा केसन्‌केस दिसेल बघा,” ती म्हणाली आणि तिनं भिंतीएवढा पडदा उजळला.

मित्रांनो, मी स्वतःला पहिल्यांदा पाहिलं. पुलावर येऊन मी तिरका झालो. तंगूस चमकली, सायीचं वलय दिसलं आणि उजव्या कडेला, अगदी स्पष्ट, तीन ठिपके! डिंक्या खुर्चीतून पुढे वाकला. पुढच्याच क्षणी ठिपके नाहीसे झाले.

“ते कुठे गेले?”

“काय, ते डाग होय? फिल्मवरची धूळ असते काका. मशीन आपोआप पुसून टाकतं.”

तो उठला आणि पडद्याला नाक लागेल इतका जवळ गेला. “मागे घे गं जरा, बाळ.” तिनं मागे घेतलं. ठिपके आले. “ती धूळ नाही,” तो म्हणाला. “ते तिनं ठोकलेत.” मग टेबलापाशी येऊन त्यानं मला उलटं केलं आणि एकेका ठिपक्यावर बोट ठेवलं. सगळी हकिकत सांगितली, आरशाच्या थट्टेसकट. ती मुलगी चष्मा काढून ऐकत होती.

“तिला हेच बघायचं होतं,” तो शेवटी म्हणाला. “सहा वर्षं उशीर झाला.”

मुलीनं खुर्ची यंत्राकडे वळवली. “साडेतीनशे चित्रं आहेत या दृश्यात. प्रत्येकात मशीनला सांगावं लागेल, इथे हात लावू नकोस. गेली माझी जेवणाची सुट्टी!” आणि ती कामाला लागली.

थोड्या वेळानं पडद्यावरची नजर न हलवता ती म्हणाली, “हे यान उद्या काचेच्या पेटीत जाणार आहे. मग कुणालाच हात लावता येणार नाही.”

डिंक्यानं माझ्यावर हात ठेवला. मला वाटलं, आताही हा ‘उद्या मागतो’ म्हणेल. उद्याच तर आता उरला नव्हता.

“यान तुम्हीच ठेवा,” तो म्हणाला. “झाकण मला द्या.”

एक्केचाळीस वर्षांत त्यानं पहिल्यांदा काही मागितलं.

मुलीनं स्टुडिओच्या आताच्या साहेबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. आधी पलीकडून मोठ्यानं हसू आलं, “म्हणजे लहानपणी मी दुधाच्या झाकणाला घाबरून अंथरूण ओलं केलं?” मग आवाज खाली आला. “देऊन टाक. आणि आमच्या वतीनं माफीही माग.”

“पण काका, दोन्ही वेगळं कसं करणार?”

त्यानं चिमटे दाबले. तीन सुटले, चौथा गंजला होता. “तेलाचा थेंब आहे का?” तिनं पर्स उपसली. “हाताला लावायचं क्रीम चालेल?” चाललं. टिच आवाज झाला आणि ते कडं अख्खंच्या अख्खं तिच्या हातात आलं. “याच्या आत पुठ्ठ्याचा घुमट बसव, हुबेहूब दिसेल,” तो म्हणाला. तिनं मला उजेडात धरून फिरवलं. “एकही भोक नाही!”

“परत द्यायचं होतं ना,” तो म्हणाला.

बाहेरच्या बेसिनवर त्यानं मला धुतलं. काजळी एका धुण्यात गेली, त्यानं तेव्हा योजलं होतं तशी. सायीचं वलय मात्र राहिलं. ते त्यानं घासलं नाही.

मित्रांनो, आता माझी एक विनवणी आहे. कुणाची वस्तू आणली असेल तर ती आजच नेऊन द्या. ताटानंसुद्धा दूध झाकलं जातं. तिचं झाकणावाचून काही अडलं नव्हतं. तिला फक्त ते परत यायला हवं होतं. आणि हा सिनेमा कधी तुमच्या घरी लागला तर पुलावरचं यान तिरकं होताना उजव्या कडेला बघा. तीन ठिपके दिसतील. धूळ समजून टीव्ही पुसू नका.

डिंक्यानं मला रुमालानं कोरडं केलं आणि कापडी पिशवीत घातलं. मग दाराशी थांबून त्यानं विचारलं, “हल्ली दिवे कितीला लागतात गं?”

“साडेसहाच्या सुमारास. का हो काका?”

“काही नाही. वाटेत दूध घ्यायचंय. ते तापायचं, निवायचं... वेळ लागतो.”

त्यानं पिशवी काखेत धरली, दुसऱ्या हातानं कठडा धरला आणि तो जिना उतरू लागला.